ॲव्हरेज वाढवणारी डबी

(मंडळाच्या श्रावणातील व्याख्यानमालेत दोन सभासदांनी मिळून दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासपीठावर आम्ही दोघे दिसत असलो तरी भाषण एकच आहे. आमच्यातल्या एकाने पस्तीस वर्षे पॉलिटेक्निकमध्ये मुलांना इंजिनं शिकवली आणि दुसऱ्याने प्रतापनगरकडे चाळीस वर्षे गॅरेज चालवलं. एकाला इंजिनाचं गणित येतं, दुसऱ्याला इंजिनाचा आवाज कळतो. वय झालं, घसा बसतो, म्हणून अर्धं एक वाचेल आणि अर्धं दुसरा. ‘आम्ही’ म्हटलं की त्यात दोघेही आले असं समजावं.

गेल्या वर्षीची आपली स्मरणिका घरी असेल तर तिचं मलपृष्ठ आठवा. चार रंगांत छापलेली एक काळी डबी, तिच्यामागे पेट्रोल पंपाचा काटा, आणि वर मोठ्या अक्षरांत, ‘पेट्रोलच्या नळीवर बसवा, ॲव्हरेज २० ते ३० टक्के वाढवा’. त्या वर्षी मंडळाला मिळालेली ती सगळ्यांत मोठी जाहिरात होती. मंडपाचा अर्ध्याहून जास्त खर्च तिच्यातून निघाला. आम्ही दोघेही स्मरणिका समितीत होतो. ही डबी काय आहे हे आम्हा दोघांनाही पाहताक्षणी कळलं होतं. एकाने हळूच विचारलं, ‘‘हे छापायचं?’’ दुसरा म्हणाला, ‘‘जाहिरात आहे, आपण कुठे शिफारस करतोय!’’ तेवढ्यावर विषय संपला, चहा आला, आणि पान छापखान्यात गेलं. आज इथे उभं राहण्याचं खरं कारण हेच आहे.

पुढे काय झालं ते आपल्यातल्या बहुतेकांना अर्धवट माहीत आहे. आपले एक सभासद शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. नाव घेत नाही. आज ते सभागृहात आहेत, आणि हे सगळं सांगायला त्यांनी स्वतः परवानगी दिली आहे. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, इथेही भाऊच म्हणू. भाऊंनी ती जाहिरात वाचली. दुसऱ्या कुठल्या कागदावर वाचली असती तर पान उलटलं असतं. पण गणपतीच्या स्मरणिकेत, अध्यक्षांच्या मनोगतामागे छापलेली आहे म्हणजे कोणीतरी जाणत्याने बघितलीच असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी एक डबी घेतली, व्हॅनला बसवली आणि वहीत हिशेब ठेवायला लागले. ॲव्हरेज वाढलं. मग त्यांनी वहिनींच्या भिशीचे पैसे डिपॉझिट भरून चाळीस डब्यांची एजन्सी घेतली. त्यातल्या सत्तावीस आपल्याच सभासदांनी घेतल्या. दिवाळीनंतर कुजबुज सुरू झाली. याच सभागृहाच्या पायऱ्यांवर एकाने त्यांना तोंडावर ‘फसवलंत’ म्हटलं. संक्रांतीला दोन घरांतून तिळगूळ द्यायलासुद्धा कोणी गेलं नाही, आणि भाऊ मंडळात यायचे बंद झाले.

जानेवारीत एका संध्याकाळी ते वही घेऊन गॅरेजवर आले. म्हणाले, ‘‘दादा, मी खोटं बोललो नाही. तुम्हीच बघा.’’

आम्ही वही पाहिली. ती खरी होती. प्रत्येक वेळचं किलोमीटर, लिटर, तारीख, पंपाची पावतीसुद्धा चिकटवलेली. डबी बसवण्याआधी जुलै-ऑगस्टमध्ये लिटरला सरासरी १२.४ किलोमीटर, बसवल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये १४. म्हणजे जवळजवळ १३ टक्के वाढ. जाहिरातीएवढी नाही, पण वाढ खरी. आता जाहिरात खोटी आणि वही खरी, हे एकाच वेळी कसं होतं, हेच आज सांगायचं आहे. फसवणाऱ्याने फसवलं तर गोष्ट सोपी असते. इथे एका प्रामाणिक माणसाने प्रामाणिक हिशेब ठेवून स्वतःला फसवलं, आणि मग आपल्यालाही.

आधी इंजिनाचं गणित थोडक्यात. या सगळ्या उपकरणांचा पाया एका वाक्यावर उभा असतो, ‘तुमच्या इंजिनात पेट्रोल पूर्ण जळत नाही, आमच्या वस्तूने ते पूर्ण जळतं.’ ऐकायला पटतं, कारण इंजिन आपल्या पेट्रोलचं बरंच काही वाया घालवतं हे खरंच आहे. शंभर रुपयांचं पेट्रोल टाकलं तर चाकांपर्यंत वीस-तीस रुपयेच पोचतात. बाकीचे कुठे जातात? मोठा भाग उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून बाहेर जातो, काही घर्षणात जातो, काही पंप आणि पट्टे फिरवण्यात. पण न जळलेलं पेट्रोल म्हणून जे वाया जातं ते चांगल्या स्थितीतल्या इंजिनात दोन रुपयांच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी. सगळं झाडून पुसून जाळलं तरी वाचणार तेवढेच. दोन रुपयांच्या चिल्लरीतून वीस-तीस रुपयांची बचत निघत नाही.

आमच्यावर विश्वास ठेवू नका. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पीयूसीची चिठ्ठी असेल ती काढा. भारत स्टेज चारच्या पेट्रोल मोटारीला इंजिन नुसतं चालू असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं इंधन, २०० पीपीएमच्या आत असावं लागतं. २०० पीपीएम म्हणजे धुराच्या दहा लाख भागांत दोनशे. आणि बहुतेक चांगल्या गाड्या याच्याही खूप खाली असतात. म्हणजे ज्या कागदाला आपण पोलिसाला दाखवायचा कागद समजतो, तोच सांगतो आहे की तुमचं पेट्रोल जळतंय. जळत नसतं तर तुम्ही नापास झाला असता.

आता चुंबक. डबी फोडली तर आत दोन चुंबक आणि काळी राळ, बाकी काही नाही. दावा असा की नळीतून जाताना पेट्रोलचे रेणू ‘सरळ रांगेत’ लागतात, त्यांचे पुंजके सुटतात आणि ते चांगले जळतात. पेट्रोल हे हायड्रोकार्बनचं मिश्रण. चुंबकाला त्याचं सोयरसुतक जवळजवळ नाही. फार जोरदार क्षेत्रात ते किंचित दूर सरतं, एवढंच. आणि नळीतून पुढे गेलं की तेही संपलं. आपल्यातल्या कित्येकांची एमआरआय झाली असेल. त्या यंत्रात १.५ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र असतं, या डबीच्या मानाने हत्ती. आपल्या अंगातली चरबी हीसुद्धा बरीचशी हायड्रोकार्बनच्याच लांब साखळ्यांची. अर्धा तास आत पडून बाहेर आल्यावर ती जास्त चांगली जळायला लागली असती, तर वजन कमी करायला एमआरआयच्या बाहेर रांगा लागल्या असत्या.

शिवाय आजची गाडी आपलं मिश्रण स्वतः ठरवते. सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला ते बघून कॉम्प्युटर पुढचं पेट्रोल कमी-जास्त करतो, एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा या प्रमाणात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात मिस्त्री कान लावून स्क्रू फिरवायचा. आता तो स्क्रू गाडी सेकंदाला कितीतरी वेळा स्वतः फिरवते. हवेच्या नळीत घालायच्या पंख्याची गोष्ट तशीच. हवा भोवऱ्यासारखी फिरवून आत सोडायची म्हणे! इंजिनाला हवा घेताना वाटेत एक अडथळा जास्त, यापलीकडे त्यातून काही होत नाही.

लायटरच्या सॉकेटमध्ये किंवा स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये खोचायच्या चिपबद्दल फार बोलायची गरज नाही. अशा चिपा लोकांनी उघडून पाहिल्या आहेत. आत लुकलुकणारे दिवे आणि ते लुकलुकवण्यापुरतं सर्किट. गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणं तर सोडाच, बोलायच्या तारा जोडलेल्याच नसतात. आणि सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं की चिपला तुमची ड्रायव्हिंगची सवय ‘शिकायला’ दोनशे-अडीचशे किलोमीटर लागतील. तेवढ्या दिवसांत परत करायची मुदत संपते.

पाण्यावर गाडी चालवणाऱ्यांची गोष्ट मात्र जरा थांबून सांगू, कारण आपल्यातले दोन इंजिनिअरसुद्धा तिला भुलले होते. बॅटरीवर पाण्याचं विघटन करायचं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन काढायचा, तो इंजिनात सोडायचा. हायड्रोजन खरंच निघतो, खरंच जळतो, बाटलीत बुडबुडे दिसतात, म्हणून माणूस पटतो. पण वीज आली कुठून? अल्टरनेटरमधून. अल्टरनेटर फिरवतो कोण? इंजिन. इंजिन कशावर? पेट्रोलवर. शंभर रुपयांच्या पेट्रोलमधून इंजिनाच्या दांड्यावर तीसएक रुपये मिळाले. त्यातून अल्टरनेटरने फार तर अठरा रुपयांची वीज केली. त्या विजेतून पाण्याच्या बाटलीने दहा-अकरा रुपयांचा हायड्रोजन काढला. तो पुन्हा त्याच इंजिनात जाळला आणि त्यातून तीन रुपयांचं काम निघालं. शंभर देऊन तीन परत घेणाऱ्या पेढीला आपण बचत योजना म्हणत नाही. अमेरिकेत ओहायोच्या स्टॅन्ली मेयरने पाण्यावर चालणारी गाडी केल्याचं सांगून लोकांकडून पैसे घेतले होते. १९९६ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती फसवणूक ठरवली आणि गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले.

त्याच १९९६ सालची आपल्याकडची गोष्ट कित्येकांना आठवत असेल. तमिळनाडूत राजपालयमजवळच्या रामर पिल्लै यांनी झाडपाल्यापासून पेट्रोल काढल्याचा गाजावाजा झाला. वर्तमानपत्रं भरली. तेव्हा आमच्यातल्या मास्तरांना वर्गात पोरांनी विचारलं होतं, ‘‘सर, आता कोयलीची रिफायनरी बंद होणार का?’’ रिफायनरी १९६५ पासून उभी आहे, अजूनही आहे. सीबीआयचं म्हणणं होतं की वनौषधीच्या नावाखाली विकलं जात होतं ते टोल्युइन, नॅफ्था असल्या पेट्रोलियम पदार्थांचंच मिश्रण. २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने तीन वर्षांची सक्तमजुरी सुनावली. मधली वीस वर्षे कित्येक लोक म्हणत राहिले की मोठ्या तेल कंपन्यांनी गरीब माणसाचा शोध दाबला.

हे ‘दाबलं’ प्रकरण फार जुनं आहे. १९३० च्या दशकात कॅनडात चार्ल्स नेल्सन पोग याने एका गॅलनला दोनशे मैल देणारा कार्ब्युरेटर केल्याची बातमी आली, त्याला पेटंटंही मिळाली. पेटंट मिळणं म्हणजे वस्तू चालते असं नव्हे; कल्पना नवी आहे, एवढंच त्यातून कळतं. तो कार्ब्युरेटर कधी बाजारात आला नाही, आणि तेव्हापासून आजपर्यंत कुणी ना कुणी सांगतोच की तेलवाल्यांनी तो विकत घेऊन तिजोरीत ठेवला. असं सांगणाऱ्याला आम्ही एकच विचारतो. आपल्याकडे मोटार कंपन्यांना त्यांच्या सगळ्या गाड्यांचं सरासरी इंधन ठरावीक मर्यादेत ठेवण्याचा नियम २०१७-१८ पासून लागू आहे, आणि २०२२-२३ पासून तो आणखी कडक झाला. एक-दीड टक्का वाचावा म्हणून कंपन्या पातळ ऑइल वापरतात, सिग्नलला इंजिन आपोआप बंद करतात, पत्रा हलका करतात. ज्या देशात गाडी दाखवली की पहिला प्रश्न ‘कितना देती है’ असतो, त्या देशात दोन चुंबकांनी २० टक्के मिळत असते तर कंपनीने ते कारखान्यातच बसवले नसते?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९७० च्या दशकापासून शंभराहून अधिक अशी उपकरणं आणि इंधनात घालायची द्रव्यं तपासली आहेत. रोलरवर गाडी चढवून, ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या तापमानात. अगदी मोजक्या वस्तूंमध्ये थोडासा फायदा दिसला, आणि त्यांतल्याही काहींनी धूर वाढवला. जाहिरातीतल्या आकड्याजवळ कोणी पोचलं नाही. तरी दर वेळी पेट्रोल महागलं की नवीन डबी येते.

हे सगळं आम्ही भाऊंना त्या संध्याकाळी गॅरेजवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीवर बोट ठेवलं. ‘‘मग हे काय?’’

प्रश्न रास्त होता. आम्ही तिघे त्या वहीसमोर दोन तास बसलो. एकेक गोष्ट निघत गेली.

डबी बसवायला विक्रेत्याचा मिस्त्री आला होता. त्याने त्याच दिवशी ‘फ्री सर्व्हिस’ म्हणून प्लग बदलले, फिल्टर झटकला आणि चारही टायरांत हवा भरली. मागच्या टायरांत हवा कितीतरी कमी होती, हे भाऊंना आठवत होतं. हवा एक पौंड कमी असली की सुमारे ०.२ टक्का इंधन जास्त लागतं, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब आहे. दहा पौंड कमी असेल तर दोन टक्के तिथेच गेले. फुकटची सर्व्हिस फुकट नव्हती. डबीचा निकाल चांगला यावा म्हणूनच ती केलेली होती.

डबीबरोबर एक छापील कार्ड आलं होतं. ‘उत्तम परिणामासाठी वेग ताशी ५० च्या आत ठेवा, एकदम ब्रेक मारू नका, सिग्नलला इंजिन बंद करा.’ आता हा सल्ला अगदी बरोबर आहे. आपल्या सरकारची पेट्रोलियम संवर्धन संस्था, पीसीआरए, वर्षानुवर्षे फुकट हेच सांगते आहे, ताशी ४५ ते ५५ च्या वेगाने चालवा. भाऊंनी कार्ड मनापासून पाळलं. डबीला पैसे दिले होते ना! वहिनी म्हणाल्या, त्या दोन महिन्यांत व्हॅन इतकी हळू चालायची की मुलांना शाळेत पोचायला पाच मिनिटं उशीर व्हायचा.

डबीच्या आधीचे महिने जुलै-ऑगस्टचे. विश्वामित्रीला पाणी आलं की आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. तुंबलेले रस्ते, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणं, आडवाटेने वळसे. नंतरचे महिने कोरडे, त्यात दिवाळीच्या सुट्टीने रस्ते मोकळे. ही तुलना म्हणजे आषाढातल्या पंढरपूरच्या गर्दीची माघातल्या एखाद्या दुपारशी तुलना.

आणि शेवटची गोष्ट, जी आम्हालाही चटकन दिसली नव्हती. डबीच्या आधी भाऊ पाचशे-पाचशेचं पेट्रोल टाकत आणि काट्याच्या अंदाजाने हिशेब मांडत. डबीनंतर ते टाकी फुल्ल करू लागले, म्हणजे मोजमाप करायची रीतच बदलली. आधीचे आकडे एका मापाने, नंतरचे दुसऱ्या मापाने.

भाऊ बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे डबीने काहीच केलं नाही हेही तुम्ही सिद्ध केलं नाही ना? नुसत्या शंका काढल्यात.’’

त्यांचं हे म्हणणं आम्हाला फार आवडलं. आमच्यातल्या मास्तरांना इतका चोख प्रश्न पस्तीस वर्षांत फार थोड्या विद्यार्थ्यांनी विचारला असेल. मग ठरलं की परीक्षा घ्यायची, आणि अशी की भाऊंना, आम्हाला, कुणालाच आपल्या मनासारखा निकाल काढता येणार नाही.

गॅरेजवाल्याने डबीच्या मापाची एक खोटी डबी केली. आत चुंबकाऐवजी पितळेचे तुकडे, वजन तेवढंच. दर रविवारी सकाळी तो एकटा नाणं उडवायचा. छापा आला तर खरी, काटा आला तर खोटी डबी नळीवर बसवायची आणि वरून पत्र्याची पेटी लावून सील करायचं. कुठली बसवली ते चिठ्ठीवर लिहून पाकीट बंद. एकीचे चार आठवडे भरले की उरलेले दुसरीचे, एवढंच आधी ठरलेलं. भाऊंना माहीत नाही, पेट्रोल भरून आकडे लिहिणाऱ्या मास्तरांनाही माहीत नाही. रोज तोच रस्ता, तीच मुलं, दर सोमवारी सकाळी सहाला टायरची हवा सारखी, त्याच पंपाच्या त्याच मशीनवर पहिल्या ऑटो कटपर्यंत टाकी फुल्ल. पंपावरचा पोऱ्या पहिल्या दोन आठवड्यांत आम्हाला वेडे समजत होता. शनिवारी भाऊंनी सांगायचं, या आठवड्यात खरी होती की खोटी, तेही लिहून ठेवायचं. असे आठ आठवडे, जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत.

पाकिटं फोडायला आम्ही भाऊंच्या घरी बसलो. वहिनींनी सेव-उसळ केली होती, पण कोणाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. खऱ्या डबीचे चार आठवडे, सरासरी लिटरला १३.८. खोट्या डबीचे चार आठवडे, सरासरी १३.९. सगळ्यांत चांगला आठवडा १४.४ चा, तो खोट्या डबीचा. २० टक्के वाढ म्हणजे साडेसोळाच्या पुढे जायला हवं होतं; एकही आठवडा पंधरापर्यंतसुद्धा गेला नाही. भाऊंचे अंदाज आठांपैकी चार बरोबर आले. नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढेच आले असते.

आठ आठवड्यांच्या असल्या घरगुती परीक्षेतून अर्धा-एक टक्क्याचा फरक पकडता येत नाही, हे मान्य. अशा बारीक मापासाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या प्रयोगशाळेतले रोलर लागतात. पण जाहिरात अर्ध्या टक्क्याची नव्हती.

भाऊंनी पाकिटं गोळा केली, नीट घडी घातली आणि म्हणाले, ‘‘सत्तावीस लोकांना मी पैसे परत देणार.’’ आम्ही म्हटलं, ‘‘तुम्ही का? तुम्हाला ज्याने विकलं त्याने द्यावे.’’ तो विक्रेता फोन उचलत नाही. वहिनी एवढंच म्हणाल्या, ‘‘भिशी माझी होती. मी सांगते, द्या.’’

आम्हाला त्या रात्री घरी जाताना स्वतःची लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरणाला दहा लाखांपर्यंत दंड करता येतो, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. आणि दंड विकणाऱ्यापुरताच नाही. जाहिरात छापणारालाही, आपल्या नेहमीच्या व्यवहारात ती छापली हे दाखवता आलं नाही तर, त्यात ओढता येतं. आपल्या स्मरणिकेला कोणी दंड करायला येणार नाही, ते आम्हालाही कळतं. पण भाऊंनी ती डबी आमच्या पानावर पाहिली होती. ते पान छापखान्यात पाठवताना आम्ही दोघे चहा पीत होतो.

म्हणून आम्ही कार्यकारिणीपुढे ठराव मांडला आणि तो गेल्या महिन्यात मंजूर झाला. त्या जाहिरातीचे मंडळाला आलेले सगळे पैसे डबी घेतलेल्या सभासदांना परत करायचे. सत्तावीसजणांचे पैसे त्यातून फिटतात. भाऊंनी आधीच ज्यांना दिले होते, ती रक्कम मंडळ भाऊंना देईल. त्यांचं एजन्सीचं डिपॉझिट मात्र अडकलेलं आहे. त्यासाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि ग्राहक आयोगात जायची कागदपत्रं आपले दोन वकील सभासद फुकट करून देताहेत. यंदाच्या स्मरणिकेत प्रकृती, पैसे किंवा पेट्रोल यांबद्दल आकडा सांगणारी जाहिरात आली तर ती समितीतल्या कोणाला तरी दाखवूनच छापायची, असंही ठरलं. मंडप यंदा लहान होईल. आरतीला जागा पुरेल.

एक-दोन जणांनी आम्हाला विचारलं, मग आमचं ॲव्हरेज खरंच कमी झालंय, त्याचं काय? झालं असेल. पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण आता वीस टक्क्यांपर्यंत गेलं आहे. लिटरला लिटर धरलं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे सहा-सात टक्के, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या घडणीच्या चारचाकींसाठी हाच अंदाज आहे. तो फरक टाकीत आहे, नळीवर डबी बसवून जाणार नाही. दांडिया बाजारातून मांडवीपर्यंत भाजी आणायला कार काढली तर इंजिन तापायच्या आत आपण परत येतो. तिथे कुठल्याच गाडीचं ॲव्हरेज चांगलं येत नाही. हवा महिन्यातून दोनदा बघा, डिकीतलं ओझं काढा. आणि मोजायचंच असेल तर फुल्ल ते फुल्ल, निदान पाच-सहा टाक्या. एका टाकीवरून काही ठरवू नका.

प्रश्नांसाठी अध्यक्षांनी अर्धा तास दिला आहे. भाऊ पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यांनी वही आणली आहे, ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहावी. मागच्या टेबलावर उरलेल्या तेरा डब्या ठेवल्या आहेत, शेजारी पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर आहे. एकेक उघडून बघा. चुंबक मुलांना घरी न्यायला हरकत नाही, फ्रिजला छान चिकटतात.